सोमवारचे बाबा

बाबांचा हात बिघडला हे आमच्या आधी रोवणीच्या बायांना कळलं.

आमच्याकडे श्रावणाच्या आगेमागे धानाचा रोवणा चालतो. बाया चिखलात वाकून ओळीनं रोपं लावत मागे सरकतात आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला माणूस त्यांच्या पाठीमागे रोपांच्या पेंढ्या फेकत जातो. फेकणारा कच्चा असला की पेंढी दूर पडते. मग बाईला कंबर सरळ करून, चिखल तुडवत ती आणायला जावं लागतं, आणि जाता-येता ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. बाबांची पेंढी बाईच्या टाचेपासून हातभर अंतरावर पडायची. बाई न बघता हात मागे न्यायची आणि पेंढी हाती लागायची. त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेत बेताचं, शिक्षण चौथीपर्यंत, गळा बेसूर. पण रोवण्याच्या दिवसांत ते गावाचे जावई असल्यासारखे वावरायचे.

त्या वर्षी पेंढ्या भलतीकडे पडू लागल्या. एक तर एका म्हातारीच्या पाठीवरच आदळली. बायांनी बाबांच्या नजरेची आणि वयाची थट्टा केली, बाबाही हसले. मी शिदोरी घेऊन धुऱ्यावर उभी होते. हसता हसता त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि पाठीमागे नेला, हे मी पाहिलं. मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात जात होते आणि आपल्याला सगळं समजतं असं मला वाटत होतं. मला वाटलं, थकले असतील.

दिवाळीपर्यंत त्यांचा उजवा पाय जमिनीवर घासत येऊ लागला. चेहऱ्यावरचं हसू कोणीतरी पुसून घ्यावं तसं नाहीसं झालं. राग आला तरी तोच चेहरा, आनंद झाला तरी तोच. गावानं मग आपलं निदान केलं. लाखोरीनं धरलं.

लाखोरी ही आमच्या भागातली गरिबाची डाळ. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तिचं बी नुसतं फेकून देतात, ना नांगर ना पाणी, आणि ती आपली उगवते. तुरीची डाळ पाहुण्यांसाठी, घरच्यांसाठी लाखोरी. दुष्काळात जे लोक नुसती लाखोरीच खातात त्यांचे पाय कायमचे जातात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि आमच्या घरी ती रांधणारी, वाढणारी माय होती. तिचे लाखोरीचे वडे गावात नावाजलेले. बाबा जेवण झाल्यावर पुन्हा वड्यांना बसायचे आणि माय म्हणायची, आता पोट आहे की कोठी? शेजारच्या आजीनं लाखोरीचं नाव काढलं त्या संध्याकाळी मायनं मडक्यातली सगळी डाळ बैलांपुढे ओतली. रिकामं मडकं तिनं परत फडताळावर ठेवलं नाही. अंगणात उपडं घातलं.

मला आजही वाटतं, आमच्या घरात रोग दोघांना झाला. बाबांना अंगात आणि तिला मनात.

नागपूरच्या दवाखान्यात आम्ही गेलो ते आणीबाणी उठली त्याच्या आसपास. डॉक्टरांनी बाबांचा हात कोपरातून वाकवून पाहिला, बोट नाकाला लावायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं. मग रोगाचं नाव सांगितलं. ते नाव मायला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, ती ‘तो इंग्रजी रोग’ म्हणायची. लाखोरीचा याच्याशी काही संबंध नाही, असंही डॉक्टर म्हणाले, आणि मायनं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “त्याले काय मालूम? त्याच्या घरी लाखोरी शिजते काय?”

परदेशात एक गोळी निघाली होती आणि ती नुकतीच आपल्याकडे मिळू लागली होती. डॉक्टर म्हणाले, यानं रोग जात नाही, पण माणूस हिंडू-फिरू लागतो. आणि संशोधन जोरात चालू आहे, पाच-दहा वर्षांत कायमचा इलाज निघेलच. एवढ्या सगळ्या बोलण्यातलं बाबांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं, आणि त्यातलाही पाचाचा आकडा घेतला, दहाचा तिथंच टेबलावर ठेवून दिला. परतताना एसटीत ते हिशोब मांडत बसले. पाच वर्षांनी त्यांचं वय काय असेल, माझ्या भावाचं लग्न झालेलं असेल का, आणि तेव्हा रोवण्याला पेंढ्या फेकायला ते धुऱ्यावर असतील. भावाला त्यांनी घरी आल्याबरोबर बजावलं की फेकायची जागा दुसऱ्या कोणाला कायमची देऊ नको. यंदापुरती दे.

पहिल्या आठवड्यात गोळीनं उलट्या झाल्या. भंडाऱ्याच्या कंपाउंडरनं सांगितलं, उपाशीपोटी देत नका जाऊ, काही तरी खाऊ घाला. आता मायच्या जगात ‘काही तरी’ नावाचं अन्न नव्हतं. तिनं मामाकडून दुभती म्हैस आणली. गोळीसोबत तांब्याभर दूध. त्यावर तुरीच्या डाळीची घट्ट वाटी, वर तूप. भावानं कुठून मिळवलं तर अंडं. लाखोरीनं जे नेलं ते ती दुधा-डाळीनं भरून काढत होती. बाबांना भूक नसायची. ती वाटी घेऊन समोर बसायची आणि ती रिकामी होईपर्यंत उठायची नाही.

गोळीनं फरक पडला असं म्हणावं तर पडला, नाही म्हणावं तर नाही. कधी दुपारी एकदम अंग मोकळं व्हायचं आणि थोड्या वेळात पुन्हा लाकूड. सकाळी मात्र हमखास लाकूड. खाटेवरून उठवायला दोन माणसं लागायची. दारातून बाहेर पडताना पाय उंबऱ्याशी खिळायचे. पुढे नाही की मागे नाही. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मायनं दूध वाढवलं.

आणि मग सोमवार सुरू झाले.

मायनं महादेवाला नवस बोलला होता आणि बाबांना सोमवार धरायला लावले होते. आमच्या घरचा सोमवार कडक. दिवे लागेपर्यंत पोटात काही नाही, फक्त कोरा चहा. गोळीही त्या दिवशी कोऱ्या चहासोबतच जायची, उलट्या एव्हाना थांबल्या होत्या. देवाच्या वारी मायची वाटी गप्प बसायची. पहिल्या काही सोमवारांत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सोमवारी बाबा सकाळीच खाटेवरून एकटे उठले, उंबरा ओलांडला, आणि तलावाच्या पाळीवर महादेवाचं देऊळ आहे तिथवर चालत गेले. काठीशिवाय. माय हातातलं शेण तसंच घेऊन त्यांच्या मागे गेली. देवळातून येताना बाबा एकाशी बोलत उभे होते आणि हसत होते. खरं हसू, चेहऱ्यावर दिसणारं.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. गावात बोलबाला झाला, महादेव पावला म्हणून. शहापूरहून माझी आत्या खास सोमवार पाहून आली आणि पाळीवर त्यांच्यामागे चालताना रडली. सोमवारी आमच्या घरी वेगळाच माणूस राहायचा. तो अंगणात बसून धानाच्या वाळल्या तणसाच्या जुड्या बांधायचा आणि तुळशीपाशी उपड्या पडलेल्या त्या लाखोरीच्या मडक्याकडे नेम धरून फेकायचा. मडक्याच्या हातभर अलीकडे पडली की खूश. माझी थट्टा करायचा, तुझ्या कॉलेजात हे शिकवतात का म्हणून. दिवे लागले की माय आनंदानं उपास सोडायला वाढायची. दूध, डाळ, तूप, देवानं दिलं म्हणून रोजच्यापेक्षा जास्तच. आणि रात्रीच्या गोळीचा काही उपयोग व्हायचा नाही, मंगळवारी सकाळी खाटेवर पुन्हा लाकूड असायचं.

माझा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण सोमवारवर होता. डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारायचं? मी फक्त एवढंच म्हणायचे की देव जर देतो आहे तर आठवड्याचा एकच दिवस का देतो, इतका कसला चिक्कूपणा. मायला ते आवडायचं नाही. तिचा हिशोब सरळ होता. आज सोमवार दिला, उद्या मंगळवार देईल. एकदा बाबांनीच काढलं की शनिवारही धरतो. तिनं त्यांच्या मनगटाला हात लावला, ते केवढं बारीक झालं होतं ते त्यांनाच दाखवलं, आणि रडायला लागली. अंगात रक्त नाही आणि आणखी उपास करतो म्हणतात. तो विषय तिथंच संपला. तो संपला नसता तर, हे मी पुढे किती वेळा मनात घोळवलं आहे, त्याला मोजदाद नाही.

बाबांची एकच गोष्ट राहून जात होती. सोमवारी आमच्या गावात रोवणा बंद. महादेवाचा वार, बैल जुंपायचे नाहीत, चिखलात पाय घालायचा नाही. पाय असलेला दिवस आणि रोवण्याचा दिवस कधी एकत्र यायचेच नाहीत. ऐन रोवण्यात मंगळवारी ते खाटेवर पडून बायांची गाणी ऐकायचे आणि भावाला विचारायचे, फेकायला कोण आहे. मग म्हणायचे, “यंदा नाई. पुढच्या साली.”

नागपूरच्या दवाखान्यातल्या बाकावर वरठीचा एक धानाचा व्यापारी भेटायचा. त्यालाही हाच रोग. पांढरं धोतर, वर काळा कोट, कोटाच्या खिशात वर्तमानपत्राची कात्रणं. या रोगाबद्दल कुठे काही छापून आलं की तो कापून ठेवायचा. पण कागद हातात धरला की थरथरायचा आणि अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून तो ती घेऊन माझी वाट पाहायचा. मी वाचायचे, आणि आजूबाजूचे त्याच रोगाचे चार-दोन जण माना पुढे करून ऐकायचे. सगळ्या बातम्या सारख्याच असायच्या. कुठल्या तरी देशात उंदरांवर प्रयोग यशस्वी झाला, कुठे माकडांवर. येत्या पाच वर्षांत माणसांसाठी.

“उंदरं बरे होऊन राहिले म्हन्ते तिकडं,” व्यापारी बाबांना म्हणाला. “आपन उंदीर असतो तं आतालोक घरी नाचलो असतो, भाऊ.”

बाक हसला. म्हणजे आवाज झाला, चेहरे कोणाचेच हलले नाहीत. मला त्या बाकाचा फार लळा होता आणि फार भीती वाटायची. कोणाचा रोग आपल्यापेक्षा किती पुढे गेला आहे हे तिथं प्रत्येक जण चोरून पाहायचा.

व्यापाऱ्याजवळ पैसा होता. तो मुंबईला जाऊन डोक्याला भोक पाडून ऑपरेशन करून आला. उजवा हात शांत झाला, अगदी झोपलेल्या मुलासारखा. पण जीभ जड झाली. जो माणूस बाकावर सगळ्यांना बोलून हसवायचा तो एकेक शब्द ओढून काढायला लागला. बाबांनी त्याचा शांत हात आपल्या हातात घेऊन किती वेळ पाहिला. त्यांना हेवा वाटला असेल असं मला वाटलं होतं. घरी आल्यावर म्हणाले की आपल्याला असं नको, आपण आणखी थोडं थांबू. थांबण्यावर त्यांचा फार विश्वास होता.

पाच वर्षं झाली. मी भंडाऱ्याला शाळेत लागले, भावाचं लग्न झालं. बाकावर मी पुन्हा एक कात्रण वाचलं आणि त्यातही येत्या पाच वर्षांत असंच होतं. व्यापाऱ्यानं हातानं मला थांबवलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

“बाई,” तो म्हणाला, “मागच्या पाच वर्षाचं काय झालं, ते पयले विचार त्याईले.”

कोणाला विचारणार? मी कात्रणाची घडी करून त्याच्या खिशात ठेवली. पुढे एकदा गेलो तेव्हा तो नव्हता. त्यानंतरही नव्हता. बाबा त्याची जागा धरून ठेवायचे, बाकावर पिशवी ठेवून. मला तेव्हा आशा या गोष्टीचाच राग यायला लागला होता. माणसाला सरळ सांगून टाकावं की काही होणार नाही, म्हणजे तो निदान रडून मोकळा होईल. दर पाच वर्षांनी आणखी पाच वर्षं देत राहणं ही काय माणुसकी आहे? पण बाबांसमोर हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

मग एका खेपेला टेबलामागे नवे डॉक्टर होते. तरुण, आमच्याच भागातले असावेत असं बोलणं. बाबांनी मला खुणावलं की सोमवारचं सांग. त्यांना ते सांगायला आवडायचं. मी सांगितलं, थोडं हसतच, शिकलेल्या माणसासमोर सांगतात तसं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, सोमवारी गोळी कशासोबत घेता? कोऱ्या चहासोबत. आणि मंगळवारी? मी मायचं सगळं ताट म्हणून दाखवलं. दूध, डाळ, तूप, अंडं. त्यात थोडा अभिमानही होता, की आम्ही यांचं काही कमी करत नाही.

डॉक्टर म्हणाले, दुधा-डाळीतलं सत्त्व आणि ही गोळी एकाच दारातून आत जातात. दूध आधी घुसतं आणि गोळी दाराबाहेर राहते. गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी नुसत्या पाण्यासोबत घ्या, दूध-डाळ रात्रीसाठी ठेवा. हे आमच्याही लक्षात आता आता यायला लागलं आहे, असंही ते म्हणाले. चांगला माणूस होता. मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक सगळे सोमवार उभे राहिले, आणि त्यांच्या मधले ते सगळे वार.

बाबा उठले. बाकावर येऊन बसले. व्यापाऱ्याच्या जागेवर पिशवी ठेवायला विसरले. एसटी मौदा ओलांडून पुढे आल्यावर त्यांचे ओठ हलले. आवाज इतका बारीक झाला होता की मला कान न्यावा लागला.

“तुह्या मायले हे सांगू नोको.”

मी चिडले. एवढी वर्षं वाया गेली आणि हे लपवायचं? घरोघर सांगायला हवं, बाकावरच्या प्रत्येकाला सांगायला हवं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“लाखोरीचं ओझं हाय तिच्यावर,” ते म्हणाले. “हे दुसरं नोको देऊ.”

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की डॉक्टरांनी गोळी बदलली असं सांगायचं. ही नवी गोळी पाण्यासोबतच चालते. मायनं ते लक्ष देऊन ऐकलं, दोनदा म्हणून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तसंच करू लागली. नवा डॉक्टर शहाणा दिसतो म्हणाली.

पंधरा दिवसांत बाबा रोज सकाळी तलावाच्या पाळीवर जायला लागले. आणि रोवणा आला. भावानं फेकणाऱ्याला बाजूला केलं आणि बाबांना धुऱ्यावर उभं केलं. बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. त्यातल्या काही जणींनी त्यांचं फेकणं कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. भाऊ एकेक पेंढी हातात द्यायचा. पहिली जरा दूर गेली. दुसरीही. मग त्यांनी पाय थोडे फाकवले, कंबरेतून वळले, आणि पेंढी एका बाईच्या टाचेमागे पडली. तिनं मागे न बघता हात नेला आणि पेंढी उचलली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असा आनंद मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही, आणि सोमवार सोडले तर तो चेहरा कितीतरी वर्षं बंद होता.

माय शिदोरी घेऊन माझ्याजवळ उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “आज बुधवार हाय ना?”

मी हो म्हटलं. तिनं हात सोडवून घेतला आणि धुऱ्यावर बसली.

संध्याकाळी बाबा थकून ओसरीवर पडले होते. मायनं फडताळातून गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं काढली, एक जुनं, एक नवं. ती काहीच फेकून देत नसे. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं दोन्ही पाकिटं दिव्यापाशी शेजारी शेजारी धरली.

“गोळी तं तेच हाय,” ती म्हणाली. “रंग तोच, आकार तोच. बदललं तं दूध बदललं.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

“म्हंजे सोमवारी देव नोहता.”

बाबा हाताचा टेका घेऊन उठून बसले. “होता,” ते म्हणाले. “दर सोमवारी सांगून राहिला होता, दूध देऊ नोका म्हून. आपल्याले समजलं नाई.”

मला वाटलं, किती छान बोलले बाबा. माझ्या सगळ्या शिक्षणाला हे सुचलं नसतं. मायनंही ते वाक्य नीट ऐकलं. पाकिटं पुन्हा फडताळात ठेवली, पदरानं हात पुसले.

“एवढे सोमवार सांगून राहिला,” ती म्हणाली, “आन् मले समजलं नाई.”

दुसऱ्या दिवशी म्हैस मामाकडे परत गेली. मायनं ती स्वतः गावाबाहेर नेऊन सोडली, दोर मामाच्या हातात दिला आणि मागे पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिनं दुधाचा चहा सोडला. बाबांना गोळी देण्याआधी पाण्याचा पेला ती राखेनं घासायची, धुवायची, नाकाशी नेऊन हुंगायची, पुन्हा धुवायची. बाबा म्हणायचे, झालं आता, दे. ती पुन्हा धुवायची.

रोग आमच्यासाठी थांबला नव्हता. एक रोवणा चांगला गेला, दुसरा अर्धाच. मग गोळी भलतंच करू लागली. ती लागली की हात-पाय मान सगळं आपोआप उसळायचं, खाटेवर धरून ठेवावं लागायचं, आणि उतरली की पुन्हा लाकूड. मधली शांत वेळ कमी कमी होत गेली. नागपूरला माय सोबत आली आणि तिनं मला सांगितलं की डॉक्टरांना विचार, सुरुवातीपासून पाण्यासोबत दिली असती तर? मी विचारलं. डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले की रोग आज आहे तिथं आलाच असता, पण मधली वर्षं बरी गेली असती. मी तिला पहिला अर्धा भाग सांगितला. मी सांगत होते तेव्हा ती माझ्याकडे नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत होती.

शेवटच्या हिवाळ्यात बाबांनी लाखोरीचे वडे मागितले. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती शेजारणीकडून डाळ घेऊन आली. मी पाहत राहिले तेव्हा म्हणाली, डॉक्टर दुधाचं खरं बोलला, तर लाखोरीचंही खरंच बोलला असेल. म्हणजे एक पाप उतरलं ते दुसरं डोक्यावर घेतल्यावर. मी तिथंच चुलीपाशी रडले. तिनं वडे तळले, एक बारीक कुस्करला आणि बाबांच्या तोंडात घातला. त्यांना गिळता आलं नाही. ते तोंडात धरून बसले आणि डोळे मिटून चव घेत राहिले. मग तिनं बोटानं तो काढून घेतला. बाहेर लोकांच्या बांधीत लाखोरी निळी फुलली होती, आणि ती कापणीला यायच्या आत बाबा गेले.

त्यानंतर माय काही दिवस माझ्याकडे भंडाऱ्याला येऊन राहायची. सकाळी मी चहा ठेवायचे तेव्हा ती आतूनच सांगायची, माझा कोरा ठेव. एका रविवारी वर्तमानपत्रात त्या रोगाचं नाव दिसलं. एक नवी गोळी निघाली आहे, तिनं रोगाची चाल मंदावते असं वाटतं, आणखी तपासणी चालू आहे, येत्या पाच वर्षांत. मी पान उलटणार होते. पण माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं की काय आहे ते, आणि तिनं वाच म्हटलं. मी सगळं वाचून दाखवलं. आता ती म्हणेल की आपल्याला काय त्याचं, किंवा रडेल, अशी माझी तयारी होती.

तिनं हातातला कप खाली ठेवला.

“कशासंगं घ्याची,” तिनं विचारलं, “ते लिवलं हाय का?”

मी बातमी पहिल्यापासून पुन्हा वाचली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.